नाव अकराचं, आवाज सातचा

घुलेबाईंना कुणी 'मॅम' म्हटलेलं चालत नसे. मीनल आमच्याकडे नवीन लागली त्या दिवशी ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "मॅम, एक डाउट होता." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आमच्या गोठ्यातली शेरडं असंच ओरडायची," त्या म्हणाल्या. "तुला बोलता येतंय ना? मग बाई म्हण." मीनल त्या मिनिटापासून बाई म्हणायला लागली. आम्ही सगळेच म्हणत असू, आमचे मालकसुद्धा.

आमची कंपनी म्हणजे कोथरूडमधल्या एका सोसायटीचा तळमजला. आमच्या आधी तिथं दहावीच्या शिकवण्या चालायच्या. जाताना वर्गवाल्यांनी बाकं नेली, पण भिंतीत बसवलेला काळा फळा त्यांना नेता आला नाही. तो बाईंनी ताब्यात घेतला. संगणकाच्या पडद्यावर त्यांचा राग नव्हता, पण नीट विचार करायचा झाला की त्या उठून खडू हातात घेत. त्यांच्या साडीच्या पदराला नेहमी खडूची भुकटी लागलेली असे, आणि पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. बूट कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "चेंबरमध्ये उतरायला तुमच्या त्या कोल्हापुऱ्या चालत नाहीत."

ही चेंबरं म्हणजे पाण्याच्या मोठ्या नळावर ठिकठिकाणी बांधलेले हौद. आम्ही मुठीत मावतील एवढ्या डब्या बनवतो. अशी एकेक डबी एकेका चेंबरमध्ये बसवायची. ती आतल्या पाण्याचा दाब मोजते, रेडिओवरून शेजारच्या डबीला सांगते, ती तिच्या शेजारणीला, आणि असा निरोप सरकत सरकत पंपघरापर्यंत जातो. कुठं पाणी गळतंय, कुठं कुणी चोरतंय, ते तिथं बसून कळतं.

यातलं बाईंचं काम एका शब्दात सांगायचं तर अविश्वास. या डब्या उघड्यावर पडलेल्या असतात. कुणीही झाकण उचलून एखादी पळवू शकतो, तिच्या पोटातलं गुपित वाचू शकतो आणि तिला खोटं बोलायला शिकवून पुन्हा जागेवर ठेवू शकतो. अशा डबीला इंग्रजी पुस्तकांत लांबलचक नाव आहे. बाई तिला फितूर म्हणत. "मोडलेली डबी गप्प बसते, ती लगेच कळते," त्या सांगत. "फितूर डबी गोड बोलते. म्हणून गोड बोलणाऱ्याकडं आधी बघायचं." हे सांगताना त्या बहुधा माझ्याकडे बघत. माझा स्वभाव जरा सगळ्यांशी जुळवून घेण्याचा आहे.

बाई हडपसरच्या पुढच्या एका गावच्या. ते गाव आता शहरात आलंय, पण त्यांच्या लहानपणी तिथं नुसता ऊस होता. वडील कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या रानाला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी द्यायचं ते बघणारे. पाळी नसताना कुणी पाटाचं दारं फोडून पाणी घेतलं अशी तक्रार आली की अण्णा छोट्या शालनला सायकलवर पुढे बसवून जात. "ज्याच्यावर संशय त्याला अण्णा कधी विचारायचेच नाहीत," बाई सांगत. "तो काय सांगणार? अण्णा शेजारच्याच्या बांधाला हात लावायचे. बांध पाझरला असेल तर पाणी आलंय. शेजाऱ्याचं रान खोटं बोलत नाही, त्याला काय पडलंय?" पुढे बाई पदविका घेऊन बुधवार पेठेत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागल्या, मग एका कारखान्यात, मग आमच्याकडे. या विषयावर जगभर मोठमोठे प्रबंध लिहिले गेलेत, त्यातले पुष्कळसे मी वाचलेत, आणि त्यातला निम्मा तरी मजकूर बाईंना सायकलच्या दांडीवरच कळलेला होता. मी हे गमतीनं म्हणत नाही.

माझं शिक्षण कोथरूडचं, भाषा कोथरूडची आणि खोडीही तिथलीच. सुरुवातीला एकदा मी त्यांचा शब्द दुरुस्त केला होता. डबी आपले निरोप ज्या गुप्त आकड्यानं कुलूपबंद करते त्याला बाई 'चावी' म्हणत. मी म्हणालो, "बाई, मराठीत किल्ली म्हणतात. चावी घड्याळाला देतात."

"किल्ली घराची," बाई म्हणाल्या. "चावी पाण्याची. पाण्याचा व्हॉल्व्ह ज्या लोखंडी दांड्यानं फिरवतात त्याला चावी म्हणतात आणि तो फिरवणाऱ्याला चावीवाला. तुमच्याकडं नळ सोडला की पाणी येतं, तुम्हाला तो माणूस कधी भेटलाच नसेल."

खरंच भेटला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे सगळे चावी म्हणतात.

त्यांचा हा अविश्वास घरगुती वापरातही असे. किती वाजले हे त्या कधी एकाच माणसाला विचारत नसत. एकदा क्रिकेटचा सामना होता म्हणून मी आजारी पडलो. सकाळी फोन करून, घसा बसल्यासारखा आवाज काढून रजा सांगितली. बाईंनी मला काही विचारलं नाही. फोन घेतलेल्या मीनलला विचारलं, "आवाज कसा आला त्यांचा? जवळून, की पांघरुणातून?" मीनल म्हणाली, "मागे टीव्ही चालू होता." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सुंठीची पुडी ठेवलेली होती. वर चिठ्ठी: 'टीव्हीच्या बाजूच्या कानाला लावा.'

याच खोडीतून त्यांनी एक नियम काढला होता. प्रत्येक डबीनं शेजारणीचा निरोप तर पुढे धाडायचाच, पण तो किती मोठ्यानं ऐकू आला तेही आपल्यापाशी लिहून ठेवायचं. जवळची डबी मोठ्यानं ऐकू येते, लांबची बारीक. आम्ही तक्रार केली की याने बॅटरी लवकर संपते आणि ही माहिती बघतंय कोण? "आज कुणी बघत नाही," बाई म्हणाल्या, "म्हणूनच ती खरी राहील." आम्ही कुरकुरत ते केलं.

मग नगर रस्त्याकडची ती टाउनशिप आली. नाव सांगत नाही. मोठ्या इमारती, स्वतःची पाणीयोजना, टाकीपासून शेवटच्या इमारतीपर्यंत लांब नळ आणि त्यावर सोळा चेंबरं. आमच्या सोळा डब्या. उद्घाटनाची तारीख ठरून गेलेली आणि आमचं काम मागे पडलेलं. प्रत्येक डबीत वेगळी चावी भरायची तर आणखी दोन आठवडे हवे होते. तेव्हा मी सुचवलं की सध्या सगळ्या डब्यांत एकच चावी ठेवू, पुढच्या टप्प्यात बदलू. बाई दोन दिवस नाही म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः येऊन त्यांच्या टेबलापाशी उभे राहिले. बाईंनी कागदावर सही केली. सही करताना पेन मध्येच थांबलं होतं, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

चार महिन्यांनी टाउनशिपच्या व्यवस्थापकांचा फोन आला. पाणी चोरीला जात होतं आणि चोर सापडला होता. आमच्या यंत्रणेनंच पकडून दिला म्हणून ते फार खुशीत होते. रोज दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अकरा नंबरच्या चेंबरमधून पाणी जातंय, असं पंपघरातल्या संगणकावर दिसत होतं. त्या वेळी तिथं एकच माणूस असे. चावीवाले बबनराव. ही टाउनशिप ज्या गावच्या रानात उभी राहिली त्याच गावचे. अकराच्या चेंबरशेजारी एक कडुलिंबाचं झाड वाचलं होतं, त्याखाली ते रोज एकटेच भाकरी खायला बसत. त्यांच्या हातातली चावी काढून घेतली होती, तीही सगळ्या कामगारांसमोर. सोमवारी पोलिसांत तक्रार जायची होती. "फक्त तुमच्या बाईंची सही हवी," व्यवस्थापक म्हणाले. "अकरा नंबरची डबी बरोबर सांगतेय, एवढं लिहून द्यायचं."

शुक्रवारी आम्ही गेलो. व्यवस्थापकांनी कागद पुढे केला, पेनही उघडून दिलं. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "आधी त्या माणसाला भेटते."

बबनराव पंपघराच्या मागच्या पायरीवर बसले होते. पन्नाशीच्या पुढचे, टोपी गुडघ्यावर ठेवलेली. बाई त्यांच्याशेजारी पायरीवरच बसल्या. मी उभा राहिलो. बाईंनी काही विचारलं नाही. बबनरावच बोलू लागले.

"लोकं म्हंत्यात म्या टँकरवाल्याला पानी दिलं. बाई, माझ्यापाशी एकच चावी हाय. ती म्या कुनाला दिली न्हाई. एकानं मागितली हुती, ठेकेदाराच्या मानसानं. त्याला बी न्हाई दिली." मग हातांकडे बघत म्हणाले, "सोमवारी पोलीस आले का गावातनं न्यायचे मला. गावातनं जायचं हाय वो, बाई."

"एकच चावी," बाई म्हणाल्या. त्यांच्याशी नव्हे, स्वतःशीच. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं ऊन लागलं.

परत येताना येरवड्याला सिग्नलला थांबलो तेव्हा तुरुंगाच्या बाजूला बघून एवढंच म्हणाल्या, "उद्या शनिवारी दहाला या. सगळ्या डब्यांनी ऐकलेले आवाज छापून ठेवा. चार महिन्यांचे."

शनिवारी मी कागदांचा गठ्ठा घेऊन पोचलो तेव्हा बाईंनी फळा पुसून त्यावर सोळा चेंबरं काढून ठेवली होती. मी आकडे वाचायचे, त्या लिहायच्या. मी घाईनं वाचलं की "पुन्हा" म्हणायच्या. पुन्हा वाचलं की "आता मीनलला वाचू दे." दुपारी डबे खाल्ले ते फळ्याकडे बघतच. चारच्या सुमाराला बाईंनी लाल खडू घेतला.

अकराची डबी बोलली की सर्वांत मोठ्यानं ती दहाला आणि बाराला ऐकू यायला हवी. चार महिने दिवसभर तसंच होतं. फक्त दुपारी एक ते दोन, अकराच्या नावानं दोन निरोप येत आणि त्यातला पहिला बाराला अगदी बारीक ऐकू येत होता. आणि सहाला आणि आठला, ज्यांना अकरा एरवी जेमतेम ऐकू येई, त्यांना त्या तासात तो निरोप कानात ओरडल्यासारखा येत होता. सहा आणि आठ या दोघींची शेजारीण एकच.

बाईंनी सातवर गोल काढला. "नाव अकराचं," त्या म्हणाल्या, "आवाज सातचा."

मी उडी मारायचा बाकी होतो. सगळं समोर दिसत होतं. कुणीतरी सातची डबी उचलून तिच्यातली चावी वाचली होती. सगळ्यांची चावी एकच, त्यामुळे सातला आता कुणाच्याही नावानं बोलता येत होतं. सातच्या चेंबरमधून टँकर भरायचा, सातनं स्वतःच्या नावानं 'सगळं ठीक' म्हणायचं आणि अकराच्या नावानं 'इथून पाणी जातंय' म्हणायचं. खऱ्या अकराचा निरोप मागून येई, पण पंपघरातला संगणक आधी आलेला निरोप धरून दुसरा टाकून देई. मीनलनं टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं इतके खूश होतो की बाई खुर्चीत बसल्यात, खडू हातातच आहे, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

"बबनरावांनी चावी कुणाला दिली नाही," त्या म्हणाल्या. "मी दिली."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी कागद गोळा करत राहिलो.

सोमवारी टाउनशिपच्या कचेरीत बैठक. व्यवस्थापक, ठेकेदार, आमचे मालक, बाई आणि मी. बबनराव दाराशी उभे, आत यायला तयार नव्हते. बाईंनी सोळा चेंबरांचा कागद टेबलावर पसरला आणि सगळं सांगितलं. एकदा दाराशी उभ्या बबनरावांना कळेल असं आणि मग पुन्हा एकदा साहेबांना कळेल असं. दुसऱ्या खेपेला जास्त वेळ लागला. सात नंबरच्या चेंबरमध्ये माणूस धाडला तेव्हा नळावरच्या हवेच्या व्हॉल्व्हला जोडलेली टँकरची नळी अजून तिथंच होती. ठेकेदाराचा ज्या माणसाला बबनरावांनी चावी नाकारली होती, तो त्या दिवशी कामावर आला नव्हता.

व्यवस्थापकांना राग काढायला आता दुसरी जागा हवी होती. "म्हणजे तुमची यंत्रणा चार महिने खोटं बोलत होती?"

मालक सावरून घ्यायला पुढे सरकले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"यंत्रणेला खोटं शिकवलं गेलं. शिकवता आलं, कारण सोळा डब्यांत मी एकच चावी ठेवली होती. तसं करू नये हे मला ठाऊक होतं. चूक माझी आहे. लिहून आणलंय, खाली सही आहे." त्यांनी पर्समधून व्यवस्थापकांचाच तो घडी केलेला कागद काढला. पाठकोऱ्या बाजूवर त्यांच्या वळणदार अक्षरात चार ओळी होत्या. "आणि आता बबनरावांची चावी द्या. चारचौघांत घेतलीत, चारचौघांत द्या."

व्यवस्थापक म्हणाले की शिपाई देईल. बाई म्हणाल्या, "घेतली कुणी होती?"

बाहेर व्हरांड्यात कामगार जमले होते. व्यवस्थापकांनी तो जड लोखंडी दांडा दोन्ही हातांनी उचलून बबनरावांना दिला. बबनरावांनी तो खांद्याला लावला, टोपी घातली आणि व्हॉल्व्ह सोडायला निघून गेले. पाण्याची वेळ झाली होती.

जिना उतरताना मी कसंबसं म्हणालो, "बाई, एक चावी ठेवायचं मी सुचवलं होतं."

"सही कुणाची होती?"

"तुमची."

"मग? एकाच्या नावावर दुसऱ्यानं बोलायचं, हे आत्ता तर निस्तरलं. पुन्हा कशाला सुरू करता?"

मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, त्यातल्या काहींचा हेवाही केला. त्या जिन्यात मला या बाईंची भीती वाटली, आदर वाटला, आणि आपण त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो याचा अभिमानही वाटला. आमचं काम सुटलं नाही. का सुटलं नाही ते मला आजही नीट कळलेलं नाही. मालकांना विचारलं तर ते म्हणतात, एवढ्या मोठ्यानं खरं बोलणारी माणसं व्यवस्थापकांना दुसरीकडे मिळाली नसावीत.

पुढच्या सहा आठवड्यांत बाईंनी सगळं नव्यानं बांधलं. प्रत्येक डबीला वेगळी चावी. एखादीचं वागणं बदललं असं तीन शेजारणींनी सांगितलं की ती आपोआप बाजूला. मीनलनं या भागाला 'वाळीत टाकणे' असं नाव दिलं होतं, ते बाईंनी खोडलं. "वाळीत नाही टाकायचं. बाजूला बसवायचं. तिचं ऐकायचं, फक्त तिच्या एकटीच्या शब्दावर काही करायचं नाही." आणि सगळ्यात वर जी मुख्य चावी असते, जिच्यानं बाकीच्या बदलता येतात, ती त्यांनी कुणा एकापाशी ठेवलीच नाही. तिचे पाच तुकडे करून पाच कार्डांत घातले. कुठलीही तीन कार्डं एकत्र आली तरच ती चालायची. एक कार्ड त्यांचं, एक व्यवस्थापकांचं, एक माझं, एक मीनलचं, आणि पाचवं बबनरावांचं.

"व्हॉल्व्हमनला?" व्यवस्थापक म्हणाले.

"चावी मागितली तरी देत नाही, हे त्यांचं एकट्याचं सिद्ध झालंय," बाई म्हणाल्या. "तुमचं-माझं अजून व्हायचंय."

बबनरावांना वाचता यावं म्हणून पडद्यावरचं सगळं त्यांनी मराठीत करून घेतलं. कार्डं वाटताना म्हणाल्या होत्या, "ही अट मलाही आहे. माझं बोलणं बदललंय असं तिघांना वाटलं तर मलाही बाजूला बसवायचं. भीड धरायची नाही." आम्ही हसलो होतो.

याला पाच वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी पंपघरात जमून चाव्या बदलायच्या, असा शिरस्ता पडला. बबनराव लिंबाखाली चहा ठेवत. बाई साठी ओलांडून गेल्या तरी येत.

मग बाई मला एकच गोष्ट दोनदा विचारू लागल्या. मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देई. त्यांच्या टिपणातले आकडे चुकू लागले, ते मीनल गुपचूप दुरुस्त करी आणि मला सांगत नसे. मी तिला सांगत नसे. ही आम्हाला माया वाटत होती.

गेल्या फाल्गुनात आम्ही पंपघरात होतो. बाई नेहमीप्रमाणे चेंबरांचे नंबर वाचून दाखवत होत्या आणि मीनल नव्या चाव्या भरत होती. "नऊ. दहा. सात. बारा." सात आधी होऊन गेला होता. अकरा राहिला होता. मीनलची बोटं थांबली. मी खिडकीबाहेर बघू लागलो. बबनराव चहाचे पेले घेऊन दारात उभे होते, तेही तिथंच थबकले.

बाईंनी कागदावरून मान वर केली आणि एकेकाकडे पाहिलं.

"तिघंही गप्प," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिघांनाही ठाऊक आहे. किती दिवस?"

"छे हो बाई," मी म्हणालो, "उकाडा किती आहे, कुणाचंही—"

"तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही गोड बोलता." त्या वळल्या. "बबनराव, तुम्ही सांगा."

बबनरावांनी पेले खाली ठेवले. टोपी काढून हातात घेतली. आवाज सरळ आला. "दिवाळीपासनं, बाई. मला तुम्ही दोन-चार बारीला अण्णा म्हनला. म्या ओ दिली. द्याया नको हुती."

"मीनल?"

मीनल रडत होती. तिने होकारार्थी मान हलवली.

मग बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला त्या जिन्यातली दुपार आठवली आणि शनिवारचे ते गोळा केलेले कागद. "हो, बाई," मी म्हणालो. "मलाही ठाऊक आहे."

"तिघं झाले." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, खरोखर सोडला. "डॉक्टर म्हणाले होते महिन्यापूर्वी. पण ते एकटेच होते." आणि गळ्यातली दोरी काढून कार्ड टेबलावर ठेवलं. "करा. कसं करायचं ते सांगते, लिहून घ्या. हे तुम्ही कधी केलेलं नाही."

त्यांना काढण्याची रीत त्यांनीच आम्हाला सांगितली, पायरीपायरीनं, एकही पायरी न चुकता. पहिलं कार्ड बबनरावांनी लावलं. मग मीनलनं. माझा हात यंत्रापाशी जाऊन थांबला. बाई म्हणाल्या, "पेन थांबलं तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हता. हात तरी थांबवू नका." म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. मी कार्ड लावलं.

पडद्यावर अक्षरं आली. बाईंनी चष्मा वर करून ती मोठ्यानं वाचली. "क्रमांक एक बाजूला बसवला. साक्षी तीन." पुन्हा एकदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, सातवर लाल गोल काढताना. "बरोबर चाललंय," त्या म्हणाल्या. मग चहा प्यायल्या आणि साखर कमी आहे की मलाच तशी लागतेय, असं मीनलला विचारलं.

मी गाडीनं सोडतो म्हणालो, तर नको म्हणाल्या. बस आहे. पर्स काखेत, पायात ते बूट. फाटकाबाहेर पडून त्या डावीकडे वळल्या. बसचा थांबा उजवीकडे आहे. मी हाक मारणार होतो, पण बबनराव माझ्याआधी निघाले होते. त्यांनी हाक मारली नाही, हात धरला नाही, पुढे होऊन वाट अडवली नाही. नेहमीसारखी चावी खांद्यावर घेऊन ते बाईंच्या शेजारी गेले आणि त्यांच्या पावलांनी चालू लागले, डावीकडेच. बरंच पुढे गेल्यावर बाई थांबल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बबनरावांना काहीतरी विचारलं. बबनरावांनी काहीतरी सांगितलं. मग बाईंनी समोरच्या टपरीवाल्यालाही तेच विचारलं, आणि दोघं शेजारी शेजारी मागे फिरले.